दागिना कोणता, पुंजी कोणती?

सदरांत राहणाऱ्या मनुष्यास सोन्याचा शेजार आहे, असें मी कधीं कधीं थट्टेनें म्हणतों. रेसिडेन्सी रोड मागें टाकून सिव्हिल लाइन्सच्या बाजूस वळलें, कीं थोड्याच अंतरावर रिझर्व्ह बँकेची इमारत लागते. ह्या बँकेचें जें सोनें देशांत ठेविलेलें आहे, तें मुंबई व नागपूर येथील तिजोऱ्यांत असतें, ही गोष्ट आतां गुप्त राहिलेली नाहीं. २०२५ च्या मार्चअखेर बँकेपाशीं एकंदर सुमारें ८८० टन सोनें होतें व त्यांपैकीं सुमारें ५१२ टन देशांतच होतें. त्या इमारतीवरून सायंकाळीं फिरावयास जाणारा माझ्यासारखा निवृत्त शिक्षक त्या सुवर्णराशीचा धनी नव्हे, हें उघडच आहे. परंतु तिच्या जवळून जातांना एक धडा मात्र मला नेहमीं आठवतो. आजचा लेख त्या धड्याविषयीं आहे.

१९९१ सालीं देशाची परदेशी चलनाची गंगाजळी आटली. बाहेरून येणाऱ्या मालाचे पैसे चुकविण्यास अवघ्या कांहीं आठवड्यांपुरतें चलन शिल्लक उरलें. तेव्हां रिझर्व्ह बँकेनें सुमारें ४७ टन सोनें परदेशीं धाडलें आणि त्याच्या तारणावर बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान ह्यांजकडून कर्ज उभारलें. हातांतल्या पाटल्या सावकाराच्या घरीं जाव्या, तशी ती वार्ता त्या वेळीं पुष्कळांच्या मनास लागली. परंतु तींत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मोठ्या बँका एकमेकींस जें सोनें देतात-घेतात, त्याच्या प्रत्येक लगडीचें वजन साधारणपणें साडेबारा किलो असतें. तिच्यावर शुद्धतेचा आंकडा, तयार करणाराचें चिन्ह व क्रमांक ठोकलेला असतो. ती कोणीं घडविली, तिच्यांत सोनें किती, ह्याविषयीं वाद उरत नाहीं. अडचणीच्या वेळीं सोन्याचें मोल त्याच्या झळाळीवर ठरत नाहीं. तें निःशंकपणें मोजतां येतें कीं नाहीं, ह्यावर ठरतें. राष्ट्राला जें खरें, तें गृहस्थालाही खरें.

आतां स्वतःच्या घरची गोष्ट सांगतों. १९८७ सालीं, नोकरीस थोडीं वर्षें झाल्यावर, साठविलेल्या पैशांतून मीं सौ.करितां पाटल्यांचा एक जोड केला. सराफ ओळखीचा व गोड बोलणारा होता. त्याचें नांव येथें घेण्याचें प्रयोजन नाहीं. एका चिठोरीवर ‘पाटल्या जोड १, तोळे ४, २२ कॅरेट’ असें पेन्सिलीनें लिहून मिळालें. ती चिठोरी आम्हीं पोथीच्या बासनांत जपून ठेविली. पंचवीस वर्षें त्या पाटल्या लग्नांमुंजींत मिरविल्या.

२०१३ सालीं सौ.वर हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली. हातीं होती ती रक्कम पुरेना. तेव्हां तिनेंच पाटल्या काढून माझ्या हातीं दिल्या व म्हणाली, “अशा वेळेसाठींच ना केल्या होत्या?” मी इतवारींतील सराफा ओळींत गेलों. दुकानदारानें पाटल्या कांट्यावर घातल्या. वजन ४० ग्रॅम भरलें. मग त्यानें त्या यंत्राखालीं धरल्या, आणि आंकडा आला शेंकडा ७५. मला वाटलें, यंत्र बिघडलें असावें. दुसऱ्या दुकानीं गेलों, तेथेंही तेंच. बावीस कॅरेट म्हणजे शेंकडा ९१.६, चाळीस ग्रॅमांत ३६.६४ ग्रॅम शुद्ध सोनें असावयाचें, तें ३० च निघालें. पोरांना जन्मभर त्रैराशिक शिकविलें, पण स्वतःच्या घरचें हें त्रैराशिक सोडविण्यास मला सव्वीस वर्षें लागलीं! ६.६४ ग्रॅम सोनें आमच्या घरीं कधीं आलेंच नव्हतें. त्या वेळच्या भावानें ती वीस हजारांच्या घरांतली तूट होती. पहिल्या सराफाचें दुकान केव्हांच बंद झालेलें. पेन्सिलीची चिठोरी घेऊन कोणाच्या दारीं जावें?

त्याच दिवशीं माझ्या खिशांत आईची एक वेढणी होती. चोख सोन्याची, नक्षी नाहीं, खडा नाहीं. १९५५ च्या सुमारास तिनें घरखर्चांतून पै-पै वांचवून ती केली होती. वजन एक तोळा, म्हणजे जुना तोळा. वेढणी कांट्यावर ११.६ ग्रॅम भरली. यंत्रानें ९९ च्या वर आंकडा दाखविला. सराफानें कागदावर गुणाकार केला व रुपये मोजून दिले. दोन मिनिटांचें काम! पाटल्यांवर अर्धा तास वाद चालला होता, तो वेढणीवर एक शब्दही झाला नाहीं. उरलेली तूट मीं आप्तांकडून उसनी घेऊन भरून काढली. शस्त्रक्रिया पार पडली, सौ. बरी झाली. पाटल्यांचा प्रकार मात्र मीं तिला सहा महिने सांगितला नाहीं.

ह्या अनुभवावरून ज्या गोष्टी मीं मागाहून शिकलों, त्या पूर्वींच कळल्या असत्या तर बरें झालें असतें. वाचकांस, विशेषतः ज्या भगिनींच्या हातीं घरची शिल्लक असते त्यांस, त्या उपयोगी पडतील म्हणून क्रमानें मांडतों.

पहिली गोष्ट वजनाची. आठ गुंजांचा मासा व बारा मास्यांचा तोळा, हें कोष्टक आमच्या पिढीनें आजीच्या तोंडून ऐकलें. हा तोळा ११.६६४ ग्रॅमांचा. आजचे व्यवहार कायद्यानें ग्रॅममध्यें होतात, पण बोलतांना दहा ग्रॅमांसच ‘तोळा’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ह्या दोन तोळ्यांत १.६६४ ग्रॅमांचें अंतर आहे. चार तोळ्यांत तें साडेसहा ग्रॅमांवर जातें. सुनेला ‘चार तोळे’ घालूं असें ठरवितांना कोणता तोळा, हें दोन्ही घरांनीं आधीं बोलून घेतलें तर पुष्कळ रुसवेफुगवे टळतील. पावतीवर ग्रॅमच असावे, आणि खडे, मणी, लाख ह्यांचें वजन सोन्याच्या वजनांतून वेगळें काढून लिहिलेलें असावें.

दुसरी गोष्ट कसाची. ‘निकष’ हा शब्द आपण विचारांच्या क्षेत्रांत सर्रास वापरतों. त्याचा मूळ अर्थ सोनें ज्यावर घासून पाहावयाचें तो काळा दगड. सोन्याच्या कसाविषयींची शंका ही कांहीं आजची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सोन्याचांदीच्या कारभारावर स्वतंत्र अध्याय असून सोनाराकडून होणाऱ्या अपहाराचे तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक व पिंक असे पांच प्रकार मोजून सांगितले आहेत. पहिलाच प्रकार खोट्या तराजूचा आहे! ज्या काळीं राजाला ह्यावर अधिकारी नेमावा लागला, त्या काळापासून गिऱ्हाइकाचा स्वभाव मात्र फारसा बदललेला नाहीं. तें अजून बोलण्यावर विश्वास ठेवतें.

आतां बोलण्यावर विश्वास ठेवण्याचें कारण उरलेलें नाहीं. भारतीय मानक ब्यूरोची हॉलमार्क-योजना सोन्याकरितां २००० सालीं सुरू झाली. १६ जून २०२१ पासून ती २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली व पुढें आणखी जिल्हे तींत आले. १ एप्रिल २०२३ पासून, जेथें ही सक्ती आहे तेथें, सहा अक्षरांकांचा ओळखक्रमांक नसलेला दागिना विकण्यास मनाई झाली. दागिन्यावर तीन खुणा पाहाव्या : ब्यूरोचें त्रिकोणी चिन्ह, कसाचा आंकडा, जसें २२ कॅरेटास ९१६ व १८ कॅरेटास ७५०, आणि तो सहा अक्षरांकांचा क्रमांक, ज्याला एच.यू.आय.डी. म्हणतात. ‘बी.आय.एस. केअर’ हें ॲप भ्रमणध्वनीवर घेऊन त्यांत हा क्रमांक घातला, कीं दागिना कोणत्या प्रकारचा, किती कसाचा, व कोणत्या केंद्रानें तपासला, हें समोर येतें. अंगठीचा क्रमांक घातल्यावर तेथें कर्णफुलें दिसूं लागलीं, तर दुकानांतच विचारणा करावी. दोन ग्रॅमांहून हलक्या वस्तूंस ही सक्ती नाहीं, म्हणून मुलांच्या बाळ्या व नथीचे बारीक जिन्नस घेतांना अधिक दक्ष राहावें. हॉलमार्क असूनही कस कमी भरला, तर विकलेल्या वजनावर जी तूट निघेल तिच्या किमतीच्या दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांनीं ग्राहकास दिला आहे. मात्र त्यासाठीं पक्की पावती हवी. पेन्सिलीची चिठोरी चालत नाहीं.

घरगुती परीक्षांवर फार विसंबूं नये. लोहचुंबकास चिकटलें तर तें सोनें नव्हे, हें खरें. परंतु चिकटलें नाहीं म्हणजे सोनें, असें मात्र नव्हे. तांबें, पितळ, जस्त हींही चिकटत नाहींत. पाण्यांत बुडवून घनता काढण्याची आर्किमिडीजची युक्ति शाळेंत सर्वांनीं शिकलेली असते. सोन्याची घनता १९.३. पण टंगस्टन नांवाच्या धातूची घनताही जवळजवळ तितकीच असल्यामुळें जाड लगडीच्या पोटांत तो भरला तर पाणी फसतें. दुकानांतील किरणांचें यंत्र पृष्ठभागाचाच कस सांगतें. निःसंशय उत्तर अखेर अग्नीच देतो, म्हणजे थोडें सोनें काढून, तापवून, त्यांतील हीण जाळून वजन करणें. म्हणून लहान गृहस्थानें जाड लगडीच्या भानगडींत न पडतां लहान, खुणेचें, पावतीचें सोनें घ्यावें, हें बरें.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची, दागिना व पुंजी ह्यांतील भेदाची. उदाहरणार्थ, एक लाख रुपयांचें सोनें असलेला दागिना घेतला व घडणावळ शेंकडा १२ पडली असें धरूं. एक लाख बारा हजार झाले. त्यावर वस्तु व सेवा कर ३ टक्के धरल्यास ३,३६० रुपये. एकूण दिले १,१५,३६०. दुसऱ्याच दिवशीं तो मोडावयास नेला तर सोन्याचेच, म्हणजे फार तर एक लाख, हातीं येतील. त्यांतूनही आटणीची घट कापली जाईल. भाव शेंकडा पंधराहून अधिक वाढेपर्यंत हा दागिना तोट्यांतच आहे. उलट साध्या वेढणीस किंवा नाण्यास शेंकडा २ घडणावळ धरली, तर १,०२,००० व कर ३,०६०, मिळून १,०५,०६० होतात. दागिना घेऊं नये, असें माझें म्हणणें नाहीं. लेकीसुनांच्या अंगावर सोनें शोभतें, त्या शोभेचीही किंमत असते, आणि ती आनंदानें द्यावी. पण ती शोभेची किंमत आहे, बचत नव्हे, हें देतांना ठाऊक असावें. आम्हीं पाटल्या घेतांना स्वतःस सांगितलें होतें कीं, आपण पैसा साठवीत आहों. मूळ चूक तेथेंच झाली. सराफाची लबाडी ही त्यावरची दुसरी.

नाणें कोठून घ्यावें, हाही विचार करावा. कांहीं बँका सीलबंद नाणीं विकतात, पण विकलेलें नाणें परत विकत घेण्याची मुभा बँकांस नाहीं. तें मोडावयास सराफाकडेच जावें लागतें. लगडी किंवा बिस्किटें ह्यांवर कर्ज देण्यास बँकांस मनाई आहे. दागिने व ठराविक वजनापर्यंतचीं नाणीं ह्यांवर मात्र तें मिळतें. म्हणून सोनें न मोडतां अडचण निभावण्याची सोय हवी असेल तर पुंजी बिस्किटांत अडकवूं नये. सराफांच्या ‘अकरा हप्ते तुम्हीं भरा, बारावा आम्हीं भरूं’ ह्या योजनांविषयीं इतकेंच सांगतों कीं, सोनें हातीं येईपर्यंत तो पैसा म्हणजे दुकानदारास दिलेलें बिनतारणी कर्ज आहे. दुकान बुडालें तर आपण रांगेंतले शेवटचे.

चांदीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती स्वस्त म्हणून लहान मनुष्यास जवळची वाटते. पण जागा फार व्यापते, काळी पडते, आणि भांड्यांची घडणावळ किमतीच्या मानानें जड असते. समई, निरांजन, तबक ह्यांत डांक किती, पोटांत लाख भरली आहे काय, हें विचारावें व मोडतांना कोणता दर देणार तें पावतीवर लिहून घ्यावें. चांदीवरही हॉलमार्क मिळतो व १ सप्टेंबर २०२५ पासून तिलाही ओळखक्रमांकाची ऐच्छिक सोय झाली आहे. पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजनाच्या डब्यांत राणीछाप रुपये असतात. तो रुपया वजनानें बरोबर एक तोळा असून त्यांत बारा भागांस अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारें १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४० पासून रुपयांतील चांदी निम्म्यावर आणली गेली, आणि १९४७ च्या रुपयांत तर निकेलच आहे. तेव्हां डब्यांतले रुपये एकदां चष्मा लावून सालवार लावून ठेवावे.

चांदीचा भाव मोठा चंचल असतो, कारण तिची निम्म्याहून अधिक मागणी उद्योगधंद्यांची आहे. १९८० च्या जानेवारींत, अमेरिकेंतील हंट बंधूंच्या सट्ट्याच्या भरांत, एका औंसास जवळजवळ पन्नास डॉलर भाव चढला होता. मार्चअखेर तो अकराच्या आसपास कोसळला. ती उंची मागें टाकण्यास २०२५ साल उजाडावें लागलें. पंचेचाळीस वर्षें! त्या जानेवारींत ज्यानें चांदी घेतली, त्याचें तारुण्य वाट पाहण्यांतच गेलें असेल.

सोन्याचाही भाव नेहमीं वरच जातो, हा समज खरा नव्हे. १९८० च्या शिखरानंतर जगाच्या बाजारांत तें वीस वर्षें उतरत राहिलें. आपल्याकडे २०१२-१३ मध्यें दहा ग्रॅमांस तीस हजारांच्या आसपास असलेला भाव २०१५ मध्यें सव्वीस हजारांवर आला होता. त्याच वर्षीं सरकारनें पहिले सुवर्णरोखे ग्रॅमला २,६८४ रुपयांनीं विकले, आणि २०२३ मध्यें ते ६,१३२ रुपयांनीं फेडले. २०२४ च्या फेब्रुवारीनंतर मात्र सरकारनें नवे रोखे काढलेले नाहींत. २०२५ सालीं दहा ग्रॅमांच्या भावानें प्रथमच एक लाखाचा आंकडा ओलांडला. जो २०१५ त घाबरून विकता झाला तो फसला. जो १९८० त हुरळून घेता झाला तोही फसला. म्हणून एकाच मुहूर्तावर सर्व पैसा न घालतां थोडें थोडें, ठरलेल्या दिवशीं घ्यावें. सोनें व्याज देत नाहीं, भाडें देत नाहीं, वितही नाहीं. संसाराच्या ताटांत तें मिठासारखें असावें; भाकरी पोस्टांतील ठेवीची, बँकेंतील ठेवीची व विम्याची. आजारपणाचा विमा असता तर माझ्या घरच्या पाटल्यांवर ती पाळी आलीच नसती, हेंही येथें कबूल केलें पाहिजे.

शेवटीं जपणुकीविषयीं. बँकेच्या लॉकरांत काय आहे, हें बँकेस ठाऊक नसतें. १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणें आग, चोरी किंवा नोकरांची लबाडी ह्यांमुळें नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरतीच असते. भाडें तीन हजार असेल तर जास्तींत जास्त तीन लाख. हें ध्यानीं घेऊन वेगळा विमा घ्यावा. पावत्या, क्रमांक व वजनें ह्यांची एक वही करून ती लॉकराबाहेर, घरांतल्या दोघां जाणत्या माणसांस ठाऊक असेल अशा ठिकाणीं ठेवावी. दोन लाखांवरील खरेदीस पॅन द्यावा लागतो व दोन लाख किंवा अधिक रोख देणेंघेणें कायद्यास मान्य नाहीं. ‘पावती नको, कर वांचेल’ असें जो सांगतो, तो आपला कर वांचवीत नाहीं, आपला पुरावा नाहींसा करतो.

असो. पाटल्यांची गोष्ट मीं सौ.स अखेर सांगितली, तेव्हां ती रागावली ती सराफावर नव्हे, माझ्यावर. “सहा महिने एकटेच हिशेब करीत बसलांत? मला सांगितलें असतें तर मीं रडलें असतें आणि मोकळी झालें असतें.” त्या वर्षापासून दर पाडव्यास आम्ही दोघें मिळून इतवारींत जातों व जमेल तेवढ्या वजनाची एक साधी वेढणी आणतों. कधीं दोन ग्रॅम, कधीं चार; भाव चढला त्या वर्षीं दोनाच्या किंचित् वर. मी पावतीवरचा क्रमांक भ्रमणध्वनींत पडताळून पाहतों, ती वहींत लिहिते. गेल्या खेपेस नातीनें विचारलें, “आजी, ह्यावर एक फूलसुद्धां नाहीं, मग तूं ही घालतेस कशाला?” सौ. म्हणाली, “घालत नाहीं गं. ही तुझ्या अडीअडचणीची. फुलांची तुझ्या लग्नांत करूं.”

तिनें एका वाक्यांत जें सांगितलें, त्यासाठीं मला दोन हजार शब्द लागले. शिक्षकाची खोड, दुसरें काय!